छाटणीचा काळ कोणता?

अंगणातली तुळस केव्हा छाटावी, हा प्रश्न दिसायला बागकामाचा आहे. पण माळकऱ्याच्या घरी तो तेवढ्यावर थांबत नाही. जिला रोज पाणी घालायचे, जिच्याभोवती प्रदक्षिणा करायची, तिच्यावर कात्री चालवायची कशी, असे घरच्या माउलीला वाटते. आणि न छाटावी तर कार्तिकात लग्न लागल्यावर मंजिऱ्यांच्या भाराने तिची पाने झडतात, पौषाच्या थंडीत नुसत्या काड्या उरतात, तेही तिला पाहवत नाही. मग कोणी म्हणते उपटून टाका, कोणी म्हणते हात लावू नका, आणि कोणी वर्तमानपत्रात वाचलेले सांगते की बुडापासून कापा. तिघांचाही हेतू चांगला. पण तुळस एकच आहे, आणि तिला तिघांचे ऐकता येत नाही.

कीर्तनाच्या निमित्ताने चांदा-गडचिरोलीच्या गावांतून फिरताना हा प्रश्न आम्हांला वेगवेगळ्या रूपांत भेटतो. कधी तो तुळशीचा असतो, कधी रानातल्या तेंदूच्या झुडपांचा, आणि पुष्कळदा बाई तुळशीबद्दल विचारते पण तिच्या मनात मुलगा असतो. म्हणून या लेखात आम्ही त्याचा थोडा विस्ताराने विचार करणार आहोत. जिवंत वस्तूला तिच्या भल्यासाठी कापणे धर्माला धरून आहे काय? आणि असेल, तर त्याचा काळ कोणता?

प्रथम पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्षी म्हणतो, झाडाला जीव आहे, आणि जीवाला दुखवणे ही हिंसा. झाडाला जीव आहे हे आमच्या शास्त्रांना मान्यच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाजाने भृगूंना नेमकी हीच शंका विचारली आहे आणि भृगूंनी एकेक लक्षण दाखवून तिचे निरसन केले आहे. उन्हाने पान कोमेजते, त्या अर्थी झाडाला स्पर्श कळतो. मुळांनी ते पाणी पिते. आणि कापले असता ते पुन्हा फुटते. त्याहून अवघड जागा ज्ञानेश्वरीत आहे. तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना माउलींनी हिंसा करून अहिंसा साधू पाहणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचे कुंपण त्याच्या बुंध्याभोवती घालायचे, असा दृष्टान्त त्यांनी तिथे दिला आहे. एकाचा जीव वाचवण्यासाठी वनस्पती मुळासकट खणणाऱ्या, झाडांच्या साली सोलणाऱ्या वैद्यकावरही ते तिथे बोलले आहेत. आता पूर्वपक्षी विचारतो, माउलींचे हे वचन डोळ्यांपुढे असताना तुम्ही कात्रीची बाजू घेणार कशी?

शंका खरी आहे. ती हसून टाळता येणार नाही. पण दृष्टान्ताचा रोख नीट पाहिला पाहिजे. त्या माणसाने कुंपण झाडासाठी घातले असे तो म्हणतो, पण त्यात झाडाचे काय उरले? राखण्याच्या नावाखाली त्याने राखायचे तेच संपवले. माउलींचा आक्षेप शस्त्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या आत्मवंचनेवर आहे असे आम्हांला वाटते. तेव्हा कापणाऱ्याने पहिली गोष्ट स्वतःला विचारायची ती ही, की कापल्यावर झाड उरणार आहे काय? पुढे फुटणार आहे काय? फुटणार असेल तर विचाराला जागा आहे. नसेल तर तो छेद झाला, मग त्याला छाटणी म्हणा नाहीतर सेवा म्हणा.

भृगूंनी जे लक्षण सांगितले तेच येथे कामास येते. कापलेले पुन्हा फुटते, म्हणून झाडाला जीव आहे. ते फुटते कसे, हे आजच्या वनस्पतिशास्त्राने उलगडून सांगितले आहे. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होऊन खाली उतरत असते आणि त्याच्या धाकाने बाजूचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला की धाक सरतो, बाजूचे डोळे उघडतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. म्हणजे फूट बाहेरून येत नाही, कात्री ती देत नाही. ती आत होतीच. परंतु तिला वर यायला झाडाजवळ साठवण लागते, पाणी लागते आणि अनुकूल हवा लागते. या तिन्हींचा मेळ ज्या वेळी बसतो तो छाटणीचा काळ. पंचांग उपयोगी पडते ते या मेळाची खूण म्हणून.

हे समजायला एका परदेशी फुलझाडाचा दाखला घेऊ. स्नॅपड्रॅगन नावाचे एक झाड आहे. आपल्याकडच्या रोपवाटिकांत त्याला डॉगफ्लॉवर म्हणतात, आणि शास्त्रीय नाव अँटिऱ्हिनम. फूल दोन्ही बाजूंनी दाबले की तोंड उघडते, म्हणून लहान मुलांना त्याचे मोठे वेड. ते मूळचे भूमध्य समुद्राकडचे. थंड देशांत त्याला मारते ते हिवाळ्यातले हिम. म्हणून तिकडचा शहाणा माळी शरद ऋतूत त्याला बुडापासून कापत नाही. जुने वाळके देठ तसेच राहू देतो, कारण त्यांच्या आडोशाने बुडातला जीव तगतो, आणि अवेळी कापले तर येणारा कोवळा कोंब हिमात जळतो. वसंतात हिम सरले, खालून हिरवी फूट दिसू लागली, म्हणजे मग तो जुने देठ कापतो.

तेच झाड चंद्रपुरात आणा. येथे हिम नाही. थंडीत पारा दहाच्या खाली उतरला तरी या झाडाला ते मानवते. पावसाळा संपता संपता रोप तयार करावे, चार-सहा पानांचे झाले की शेंडा खुडावा, पौष-माघात ते भरून फुलते. पहिला बहर ओसरला की वाळलेले तुरे खाली पानांपर्यंत कापावेत, दुसरा बहर येतो. पण चैत्र उतरला की त्याचे दिवस भरले. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांजवळ गेला होता. या उन्हाळ्यात कितीही छाटले, कितीही पाणी घातले, तरी उघड्यावरचे ते झाड सहसा निभावत नाही. येथल्या माणसाने दोन-चार तुरे न कापता बियांसाठी राखावेत, आणि झाडाला सुखाने जाऊ द्यावे. थंड देशात ज्या झाडाला हिवाळा पार करून न्यायचे असते, त्याच्यापुढे येथे उन्हाळा उभा असतो. तिकडच्या पुस्तकातला महिना येथे पाळला तर पुस्तक खोटे ठरत नाही, पण झाड मरते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र या तीन अटी घातल्या आहेत. दान म्हणजे चांगलीच गोष्ट. तरी तिलाही अटी! मग जिथे शस्त्र हाती घ्यायचे तिथे त्या किती अधिक पाळल्या पाहिजेत, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता तुळशीकडे वळू. तुळशीची मंजिरी म्हणजे तिचे फूल आणि बी. बी धरू लागली की झाडाचे सगळे बळ तिकडे जाते, पाने बारीक होतात आणि काडी लाकडासारखी होते. म्हणून मंजिरी वेळच्या वेळी खुडणे हे तुळशीला हितकर आहे, आणि खुडलेली मंजिरी पांडुरंगाला प्रिय आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने होतात. फांद्यांची छाटणी मात्र वेगळी. भर थंडीत, पौषात, ती करू नये. त्या वेळी झाडात फुटण्याची उमेद नसते. माघ सरताना थंडी ढिली पडते, काडीला नख लावून पाहिले तर सालीखाली हिरवे दिसते, तेव्हा वरच्या तिसऱ्या हिश्शाइतके कापावे, बुडाची माती हलवावी, थोडे शेणखत घालावे. फाल्गुनात ती पालवते आणि वैशाखाचे ऊन लागायच्या आत स्वतःची सावली स्वतःवर धरते. वैशाखात पुन्हा कात्री लावू नये. तेव्हा पाणी आणि आडोसा एवढीच सेवा. आणि नखाखाली कुठेच हिरवे दिसले नाही, बुडापर्यंत काडी कडकन मोडली, तर ती गेली असे समजावे. तिचे लाकूड माळेच्या मण्यांना उपयोगी पडते, आणि तिच्या बियांपासून उगवलेली रोपे वृंदावनात बहुधा आधीच उभी असतात. द्वादशीला तुळस तोडू नये असा आपल्याकडे नियम आहे. त्या नियमाचा एक उपयोग आम्हांला असा वाटतो की, कापणाऱ्या हाताला थांबण्याची सवय लागते.

घरातली तुळस एक. पण आमच्या रानात हा प्रश्न हजारो कुटुंबांच्या पोटाशी बांधलेला आहे. तेंदू, ज्याला आपण टेंभुर्णी म्हणतो, त्याच्या पानावर विडीचा धंदा चालतो. विडी वाईट हे आम्ही कीर्तनात सांगतो आणि सांगत राहू. पण पान तोडणाऱ्या घराला त्या पानाचे पैसे पेरणीच्या तोंडावर मिळतात, आणि त्यावर बियाणे येते, हेही खरे आहे. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा पांगली की रानात तेंदूची झुडपे छाटायचे दिवस येतात. छाटल्यावर साधारण ४० ते ४५ दिवसांत नवे, मऊ, मोठे पान तयार होते आणि मे महिन्यात तोडणी सुरू होते. पहाटे सारे घर रानात जाते, वाघाचे भय डोक्यावर असते, दुपारी सावलीत बसून ७०-७० पानांची पुडकी बांधायची आणि सांजेला फळीवर न्यायची. असे हे कष्टाचे काम.

आता नवे पान मिळवायचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो म्हणजे आग. रानाला काडी लावली की झुडपे वरून जळतात आणि मुळांतून नवे धुमारे येतात. पानापुरते पाहिले तर फळ सारखेच. मग विचारणारा विचारतो, विळ्याने कापले काय नि आगीने जाळले काय, झुडूप दोन्हीकडे पुन्हा फुटतेच ना? तुमच्या भृगूंची अट दोन्हींनी पुरी केली!

याचे उत्तर दिले पाहिजे. विळा ज्या झुडपावर चालतो तेवढेच कापतो. तो धरणाऱ्याला झुडूप दिसत असते. हे घ्यावे, ते राखावे, एवढा विवेक त्याच्या मनगटात असतो. आगीला असा विवेक नाही. तेंदूसाठी लावलेली आग सागाची आणि मोहाची कोवळी रोपे खाते, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी खाते, आणि ज्या पाचोळ्याचे पुढे खत व्हायचे तो राख करून सोडते. झुडूप फुटले म्हणून कृत्य निर्दोष झाले नाही. त्याच्याबरोबर जे पुन्हा फुटणार नाही त्याचाही हिशेब कर्त्याच्या नावावर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरातल्या उपवनांतील फळाफुलांची आणि सावलीची झाडे तोडणाऱ्याला दंड सांगितला आहे: कोंब तोडला तर ६ पण, लहान फांदी तोडली तर १२, मोठी तोडली तर २४. तिथे गुन्ह्याचे मोजमाप आहे, कारण हाताने तोडलेले मोजता येते. आगीने काय काय गेले हे कोण मोजणार?

तरी आग लावणाऱ्या गरिबावर तुटून पडणे आम्हांला योग्य वाटत नाही. छाटणीला माणसे लागतात, दिवस लागतात आणि मजुरी लागते. ती द्यायला कोणी पुढे आले नाही आणि पान मात्र वेळेवर हवे असले, म्हणजे काडी ओढली जाते. दोष काडी ओढणाऱ्याचा आहेच, पण मजुरी वाचवणाऱ्याचाही आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला; त्यानंतर या भागातल्या पुष्कळ ग्रामसभा आपल्या रानाचा तेंदू स्वतः विकू लागल्या. आग लावायची नाही, छाटणीच करायची, असे ठरवणारी गावेही त्यांत आहेत. रान आपले झाले की विळा धरायला सवड सापडते, हा त्यातला बोध.

आणि एका गावाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून लहानसे गाव आहे. २०१२ साली त्याला आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने एकत्र बसून ठरवले की तेंदूचे पान तोडायचेच नाही. त्यासाठी छाटावे लागते, आगी लागतात आणि झाडाचे नुकसान होते. त्यापेक्षा टेंभरं पिकू द्यावीत, ती माणसांनी खावीत, पाखरांनी खावीत, आणि गावाने बांबूवर पोट भरावे. निसर्गशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाबद्दल आवर्जून लिहिले आहे. हाताशी आलेला पैसा सोडणे सोपे नसते. येथे बांबू होता म्हणून ते जमले, हे खरे. ज्या गावाला दुसरा आधार नाही त्याच्यावर आम्ही हा नियम लादणार नाही. परंतु छाटणीचा काळ शोधताना, ‘मुळीच छाटू नये’ हेही एक उत्तर असू शकते, हे पाचगावकरांनी दाखवून दिले आहे.

आता ज्या माउलीच्या मनात मुलगा होता तिच्याकडे येऊ. शब्दालाही धार असते. माउलींनी अहिंसेच्या त्याच प्रकरणात बोलण्याचाही विचार केला आहे, तो उगीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा येवो की जावो, घरातली बाटली घरातल्यांनाच दिसते. बाई विचारते, ‘महाराज, याला बोलू केव्हा? पिऊन आला की बोलते तर भांडण होते, शुद्धीवर असला की वाटते, आता बरा आहे, कशाला काढा विषय.’

येथे तुळशीचा न्याय लावून पाहा. धान बुडाले आहे, कर्जाचा माणूस दारात येऊन गेला आहे, अशा दिवशी मुलाच्या सवयीवर शब्दांचा विळा चालवला तर आत फुटायला बळ नसते. तो भर पौष आहे. वारीहून चार दिवस मन निवळून आलेले आहे, पीक घरात आहे, लेकरू मांडीवर आहे, अशा वेळी शांतपणे घातलेला शब्द आत उतरतो. ज्याला बोलायचे त्याची साल नखाने थोडी खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसते का? दिसले तर बोलावे. आणि बोलून झाल्यावर निघून जाऊ नये. छाटलेल्या तुळशीला दुसऱ्या दिवसापासून पाणी लागते. कीर्तनात सडकून बोलून, बिदागी घेऊन आम्ही पुढच्या गावाला जातो; त्या गावात राहून त्या माणसाला पाणी घालायचे काम घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवर पडते. म्हणून आमच्यासारख्यांनी धार जरा बेताचीच ठेवलेली बरी.

पण येथे एक मोठा धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. ‘काळ पाहावा’ हे वाक्य भित्र्याला फार सोयीचे असते. आज नको, उद्या बघू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. मग काय करावे? माळ्याला विचारा, तो दोन प्रकारच्या फांद्या निराळ्या करील. जी फांदी जिवंत आहे पण वाकडी वाढते, गर्दी करते, तिला ऋतू आहे. जी मेली आहे, किडली आहे, जिच्यातून रोग शेजारच्या फांदीत उतरतो आहे, तिला ऋतू नाही. ती भर पावसात दिसली तरी त्या दिवशी कापायची, आणि कापून झाडापासून दूर न्यायची. घरातही हाच भेद करावा. मुलाचा आळस, हट्ट, सवयीची गुलामी या जिवंत फांद्या आहेत. तिथे वाट पाहता येते. पण त्याचा हात बायकोवर उठला, लेकराच्या तोंडचा घास बाटलीत गेला, तर ती किडलेली फांदी. तिथे ‘शुद्धीवर येऊ दे, दिवाळी होऊ दे’ असे म्हणणे ही दया नव्हे. ज्याच्यावर हात उठला त्याच्याशी ती निर्दयता आहे. त्या दिवशी घरातल्यांनी आडवे व्हावे, शेजाऱ्यांना हाक मारावी, गावाने दाराशी यावे. बाईला एकटीला काळ पाहत बसवू नये.

या दोन फांद्या ओळखण्यात मात्र आपली गल्लत होते, आणि ती बहुतेक एकाच बाजूला होते. आपल्या डोळ्यांना जी बोचते ती आपण किडलेली ठरवतो आणि ताबडतोब कापतो: मुलाचे केस, सुनेचे बोलणे, शेजाऱ्याची रीत. आणि जी खरोखर किडली आहे ती आपल्या माणसाची असली की तिला ऋतू शोधत बसतो. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी विचारावे, ही मला बोचते आहे की झाडाला खाते आहे? नुसती मला बोचत असेल तर थांबावे. झाडाला खात असेल तर निघावे.

अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, असे आपण भक्तिभावाने सांगतो. त्यांचा मळा ही काही मोकाट वाढलेली झाडी नव्हती. मळा म्हटला की खुरपणे आले, खुडणे आले, कापणे आले. त्यांनी हत्यार टाकून दिले नाही आणि देवही दुरावला नाही. हातात हत्यार असताना समोरच्या कोंबात देव दिसत असला, म्हणजे हात आपोआप योग्य जागी थांबतो, एवढेच त्यावरून आम्ही समजतो.

तेव्हा माघ सरत आला की घरोघरच्या माउलींनी तुळशीच्या काडीला नख लावून पाहावे. हिरवे दिसले तर वरचा तिसरा हिस्सा, जास्त नाही, हलक्या हाताने कापावा. मंजिरी देवाला वाहावी, बी ओट्यातल्या मातीत टाकावे, आणि चैत्र-वैशाखात पाणी चुकवू नये. ज्या हाताला हे जमले त्याला घरातल्या माणसांचीही नस सापडेल, असा आमचा विश्वास आहे. ती ओळख पांडुरंगाने आम्हां सर्वांना द्यावी, एवढेच त्याच्या चरणी मागणे. रामकृष्णहरि.